भ्यालेल्या अर्जुनाला भगवंतांनी काय दिलं?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ४५ ते ५१

॥ श्री ॥



गेला आठवडाभर आपला मुक्काम अकराव्या अध्यायात आहे. विश्वरूप पाहून झालं. हजार सूर्यांचं तेज झालं, असंख्य मुखं झाली, त्या मुखांत वेगानं शिरणारे योद्धेही पाहून झाले. आजचे सात श्लोक त्याच्या नंतरचे. पारायणात आपण हे श्लोक जरा भरभर उरकतो, कारण मोठं काय ते घडून गेलेलं असतं. मला मात्र आज इथेच थांबायचं आहे.

कारण सांगतो. गेल्या आठवड्यात एका वाचकांचा निरोप आला. त्यांचा धाकटा भाऊ पाच महिन्यांपूर्वी महामार्गावर अपघातात सापडला. हाड जुळलं, टाके सुकले, डॉक्टरांनी कामावर जायला सांगितलं. पण भाऊ गाडीत बसत नाही. रात्री दचकून उठतो. शेजारी कुणी जोरात दार लावलं तरी अंगावर काटा येतो. घर भाविक, रोज हरिपाठ असतो. त्या वाचकांनी विचारलं, "मी त्याला रोज दुसऱ्या अध्यायातला तिसरा श्लोक वाचून दाखवतो, दुबळेपणा टाक नि ऊठ म्हणून सांगतो. फरक पडत नाही. त्याची श्रद्धा कमी पडतेय का? दुसरा कुठला श्लोक वाचू?"

प्रश्न एका घराचा नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात रस्त्यानं न पोळलेलं गाव शोधावं लागेल. १९ मार्च २०१३ ला खेडजवळ जगबुडी नदीत गोव्याहून मुंबईला जाणारी खासगी बस कोसळली, ३७ जण गेले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. त्याच्याबरोबर गेलेल्या दोन एसट्या आपल्याच होत्या, एक जयगड-मुंबई आणि दुसरी राजापूर-बोरिवली. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातली माणसं महाबळेश्वरला सहलीला निघाली आणि आंबेनळी घाटात बस दरीत गेली. ३० सहकारी गेले, एक वाचला. त्या एका माणसाविषयी मी काहीही लिहिणार नाही. त्यांचं दुःख हा आपल्या चिंतनाचा विषय नाही. पण अशा प्रत्येक बातमीत गेलेल्यांचा आकडा मोठ्या अक्षरात येतो आणि "जखमींवर उपचार सुरू" ही ओळ शेवटी येते. त्या ओळीतल्या माणसांचं पुढे काय होतं, हे त्यांच्या घरच्यांनाच माहीत असतं.

आता श्लोकांकडे येऊ.

अर्जुन म्हणतो, आजवर कुणी न पाहिलेलं मी पाहिलं, त्याचा हर्ष आहे, पण भीतीनं माझं मन व्याकुळ झालंय. याच अध्यायात थोडं आधी, चोविसाव्या-पंचविसाव्या श्लोकांत, तो सांगून चुकलाय की आतून थरकाप होतोय, धीर राहत नाही, दिशा कळेनाशा झाल्यात, शांती मिळत नाही. नीट पाहा. हे सांगणारा माणूस कोण? गांडीव धारण करणारा, शंकराशी झुंजलेला. आणि समोर कोण? साक्षात भगवंत. दिव्य दृष्टी मिळालेली, देव समोर उभा, तरी अर्जुनाला भीती वाटली. मग भीती वाटणं म्हणजे श्रद्धा नसणं, हे आपण कुठून आणलं?

पुढचं त्याहून महत्त्वाचं आहे. सत्तेचाळिसाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की हे रूप मी प्रसन्न होऊन, कृपेनं दाखवलं. म्हणजे जे घडलं ती कृपाच होती. पण "कृपा झालीय ना, मग भितोस कशाला?" असं म्हणून ते थांबत नाहीत. ते म्हणतात, तुला व्यथा होऊ नये, भय जाऊ दे, हे बघ माझं नेहमीचं रूप. आणि ते खरंच रूप बदलतात. पन्नासाव्या श्लोकात संजय सांगतो की भगवंतांनी पुन्हा सौम्य होऊन त्या भ्यालेल्याला धीर दिला. एक्कावन्नाव्यात अर्जुन म्हणतो, आता मी भानावर आलो, माझ्या मूळ स्वभावावर आलो.

आता दुसरा अध्याय शेजारी ठेवा. तिथे भगवंतांनी अर्जुनाला खडसावलं, हे खरं. पण ते युद्धाच्या आधी, कर्तव्य टाळू पाहणाऱ्या अर्जुनाला. आणि त्या खडसावण्यानं तरी काय झालं? अर्जुन उठला का? नाही. त्यानं पुन्हा आपली बाजू मांडली, लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. मग भगवंतांनी सगळं सविस्तर बोलायला घेतलं. अकराव्या अध्यायातला अर्जुन वेगळ्या जागी आहे. त्यानं भयंकर काही पाहिलंय, आणि पाहिलेलं डोळ्यांपुढून जात नाहीये. त्याला भगवंतांनी खडसावलं नाही, धीर दिला. त्याच रथात, त्याच माणसाला, देव दोन वेळी दोन तऱ्हांनी बोलला. अपघातातून वाचलेला माणूस यातल्या कुठल्या अर्जुनासारखा आहे, हे ओळखल्याशिवाय आपण श्लोक निवडू नये.

आमच्या वाडीतल्या एका वहिनींची हकीकत त्यांना विचारून लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून येताना आंबा घाटात, पावसात, तिन्हीसांजेला त्यांच्या गाडीला समोरून ट्रक धडकला. गाडी त्यांचे यजमान चालवत होते. मागे वहिनी आणि त्यांची धाकटी जाऊ. जावेला घाट लागायचा, मळमळायचं, म्हणून साखरप्याच्या बाजूला उतरण लागायच्या आधी वहिनींनी तिला खिडकीची जागा दिली. जाऊ जागच्या जागी गेली. यजमानांचा हात मोडला. वहिनींना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

येईल तो म्हणायचा, "देवानं वाचवलं हो तुम्हाला!" मनापासूनच म्हणायचे सगळे. वहिनी मान डोलवायच्या. पुढे कितीतरी महिन्यांनी त्या मला म्हणाल्या, "भावजी, देवानं मला वाचवलं असं म्हटलं की लगेच मनात येतं, मग तिला का नाही? तिनं काय वाईट केलं होतं? आणि खिडकी तर मीच दिली होती." मंडळी, हे वाक्य आपण सगळेच बोलतो. ऐकणाऱ्याच्या काळजात ते कुठे जाऊन लागतं, याचा आपल्याला पत्ताही नसतो.

अपघातानंतर महिन्याभरानं घरच्यांनी ग्रामदेवतेला नारळ द्यायचं ठरवलं. देवळात गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि नारळ दगडावर आपटला. त्या आवाजासरशी वहिनी दोन्ही कानांवर हात ठेवून खाली बसल्या. घामानं चिंब. काच फुटल्याचा आवाज होता तो त्यांच्या लेखी. त्या दिवसापासून त्यांनी देवळात पाऊल टाकलं नाही. वाडीत बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, देवावर रुसल्या. कुणी म्हणालं, घाटातलं बाहेरचं काहीतरी लागलंय, अपघाताची जागा वाईट. अंगारे झाले, दृष्ट काढून झाली. वहिनी घरात देवापुढे रोज दिवा लावत होत्या, हे कुणी पाहिलंच नाही. त्या देवाला चुकवत नव्हत्या. त्या एका आवाजाला चुकवत होत्या.

याला डॉक्टर मंडळी आघातोत्तर तणाव म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे नाव १९८० साली आलं, पण आजार त्याआधीचाच. इंग्लंडात रेल्वे नवी होती तेव्हाच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की रेल्वे अपघातातून धडधाकट सुटलेली माणसंही पुढे झोप, धीर, कामाची उमेद गमावून बसतात. चार्ल्स डिकन्स हा मोठा कादंबरीकार ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्टच्या अपघातात सापडला. त्याचा डबा पुलावर लटकत राहिला. त्यानं खाली उतरून जखमींना पाणी पाजलं, धीर दिला. त्या वेळी शांत होता. नंतर मात्र गाडीच्या प्रवासात त्याला भीतीनं कापरं भरायचं, आणि ते शेवटपर्यंत गेलं नाही. पाच वर्षांनी तो वारला, तीही तारीख ९ जूनच होती. प्रसंगात खंबीर राहिलेला माणूस नंतर खचू शकतो, याचं हे उदाहरण. आपल्याकडेही हेच दिसतं. जो अपघाताच्या वेळी सगळ्यांना बाहेर काढतो, १०८ ला फोन लावतो, त्याच्याकडे नंतर कुणाचं लक्ष नसतं.

शरीरात होतं काय, ते साध्या शब्दांत सांगतो. जिवावर बेतलं की मेंदूतली धोक्याची घंटा वाजते. छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, नजर बारीक होते. हे देवानं दिलेलं संरक्षणच आहे. धोका टळला की घंटा थांबायला हवी. काहींची थांबत नाही. आणि त्या क्षणाची आठवण इतर आठवणींसारखी "होऊन गेलं" या कप्प्यात जात नाही, ती तुकड्यातुकड्यानं पडून राहते. ब्रेकचा करकर आवाज, डिझेलचा वास, ओल्या डांबरावर पडलेला दिव्याचा उजेड. यातला एखादा तुकडा समोर आला की माणसाला ते आठवत नाही, ते आता घडतं. कोकणात तर याची आणखी एक गोम आहे. ज्याचा अपघात पावसात झाला, त्याला पुढचे चार महिने रोज पाऊस पाहायचा असतो.

ओळखायचं कसं? चार गोष्टी दिसतात. एक, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, स्वप्नात येणं. दोन, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, मग तो रस्ता असो, गाडी असो की त्याविषयीचं बोलणं. तीन, मन बधिर होणं, माणसांतून उठल्यासारखं वाटणं, स्वतःला दोष देत राहणं. चार, सतत सावध असणं, झोप न लागणं, बारीक आवाजाला दचकणं, घरच्यांवर उगाच खेकसणं. लहान मुलं बोलत नाहीत, ती खेळण्यातल्या गाड्या पुन्हा पुन्हा आपटतात. पुरुष बहुतेक वेळा चिडतात नाहीतर दारूकडे वळतात, आणि गाडी चालवणारा स्वतःच असेल तर तो तोंडातून शब्द काढत नाही.

पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं ते हळूहळू आपोआप निवळतं. महिना उलटला तरी कमी होत नसेल, काम, झोप, घर अडायला लागलं असेल, तर उपचार घ्यायला हवेत, आणि उपचार आहेत. या आजारासाठी खास पद्धतीनं केलेलं समुपदेशन आहे, गरज पडली तर डॉक्टर औषधंही देतात. आपल्या रत्नागिरीत तर ब्रिटिश अमदानीपासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. महाराष्ट्रात अशी चारच आहेत, ठाणे, पुणे, नागपूर आणि आपलं. आणि आपण काय केलं? त्याची थट्टा केली. "तुला रत्नागिरीला न्यायला हवं" ही चेष्टा ऐकत इथली पोरं मोठी होतात, मग खरंच गरज लागते तेव्हा माणूस त्या फाटकातून आत जायला लाजतो. पाय मोडला तर हाडाच्या डॉक्टरकडे जाताना "देवावर विश्वास नाही का?" असं कुणी विचारत नाही. इथेच का विचारावं?

घरातून पाऊल टाकणं जड जात असेल तर फोन आहे. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. आणि कुणी "त्या वेळी मीच गेलो असतो तर बरं झालं असतं" असं म्हणू लागलं, तर ते बोलणं वैराग्य समजू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

वहिनींना त्यांच्या थोरल्या मुलीनं मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. मी विचारलं, तिथे काय केलं? त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी काहीच विचारलं नाही हो. नीट झोप लागते का, एवढंच विचारलं. मला वाटलं होतं सगळं सांगायला लावतील." पुढे विश्वास बसल्यावर, त्यांच्या कलानं, थोडं थोडं त्यांनी ते सगळं सांगितलं. खिडकीचंही सांगितलं. डॉक्टरांनी "तुमची काही चूक नाही" असं एका वाक्यात उडवून लावलं नाही. विचारलं, खिडकी दिलीत तेव्हा तुमच्या मनात काय होतं? वहिनी म्हणाल्या, "तिला बरं वाटावं." डॉक्टर म्हणाले, त्या क्षणी तुम्हाला जेवढं ठाऊक होतं त्यावरून स्वतःचा न्याय करा, नंतर जे कळलं त्यावरून नको.

हे ऐकलं तेव्हा मला अख्खा कर्मयोग आठवला. कर्म आपल्या हाती, फळ आपल्या हाती नाही, हे आपण यशाच्या बाबतीत घोकतो. पण फळ भयंकर आलं की मात्र ते आपल्याच कर्माला चिकटवतो. तो श्लोक अशा वेळीही तितकाच लागू आहे. मायेनं दिलेली जागा ही मायेनंच दिलेली राहते. पुढे काय झालं त्यानं तिची माया पुसली जात नाही.

मग गाडी. पहिला आठवडा दारात उभ्या गाडीत नुसतं बसायचं, चावीही लावायची नाही. मग गाडी सुरू करून बसायचं. मग मारुती मंदिरापर्यंत. मग साळवी स्टॉप, कुवारबाव. छातीत धडधड सुरू झाली की पळायचं नाही, गाडी बाजूला घेऊन ती ओसरेपर्यंत थांबायचं. ती ओसरते, हे शरीराला अनुभवानंच कळावं लागतं. खेडशीच्या पुढे जायला दोन महिने लागले. हातखंब्याला महामार्ग दिसला तेव्हा त्या रडल्या, पण उतरल्या नाहीत. यजमान गाडी चालवत होते. त्यांचेही हात थरथरत होते असं त्यांनी नंतर सांगितलं, म्हणून मग डॉक्टरांनी त्यांनाही बोलावून घेतलं.

आणि देऊळ? ही गोष्ट मला फार आवडते. आमच्या गुरवांच्या कानावर सगळं गेलं तेव्हा ते म्हणाले, "एवढंच ना? वहिनी आल्या की नारळ मी मागं परड्यात नेऊन फोडीन. देवीला काय, पोचल्याशी कारण." महिनाभर तसं केलं. पुढे डॉक्टरांशी बोलून वहिनींनीच सांगितलं, आता थोडा जवळ फोडा. मग सभामंडपाबाहेर, मग पायरीशी. आता त्या उभ्या राहतात. अजूनही डोळे मिटतात, पण उभ्या राहतात. भगवंतांनी भ्यालेल्यासाठी आपलं रूप सौम्य केलं म्हणजे काय केलं असेल, हे मला त्या गुरवांकडे बघून कळतं. त्यांनी ना गीता सांगितली, ना धीट हो म्हटलं. जे सोसवत नव्हतं ते थोडं लांब नेलं, आणि ती म्हणेल तेव्हा जवळ आणलं.

आता कुणी म्हणेल, मग नामस्मरणाचं, पारायणाचं काही बळ नाही का? आहे. मी स्वतः त्याच बळावर जगतो. इथून जवळच पावसला स्वामी स्वरूपानंदांनी अभंग ज्ञानेश्वरी दिली, ती आमच्या घराघरांत वाचली जाते. पण नाम हे औषधाच्या जागी ठेवायचं नाही, औषधाच्या जोडीला ठेवायचं. श्वास संथ करून मुखी नाम घेतलं तर धडधड ओसरेपर्यंत थांबायला आधार होतो, हा वहिनींचाच अनुभव. गाऱ्हाणं घाला, देवीचा अंगारा लावा, त्यानं घराला धीर येतो. मात्र "बाहेरचं लागलंय" म्हणून माणसाला महिनोन्‌महिने फिरवू नका, मारझोड, उपास असलं काही करू नका. त्यात गेलेला वेळ आजारालाच मिळतो.

आणि त्या वाचकांसाठी. भाऊ, तूर्त श्लोक बाजूला ठेवा. भावाशेजारी बसा. काय झालं ते सांग, असा लकडा लावू नका, तो सांगायला लागला की मधे बोलू नका. "विसर आता" म्हणू नका, कारण त्याच्या हातात असतं तर तो केव्हाच विसरला असता. डॉक्टरांकडे त्याला एकट्याला पाठवू नका, तुम्ही बरोबर जा. अपघाताची तारीख जवळ आली की त्याला जास्त त्रास होईल, ते आधीच लक्षात ठेवा. आणि पुढे कधी तो म्हणाला, दादा, काहीतरी वाच, तर आजचे हे सात श्लोक वाचा. देवापुढे उभा असलेला अर्जुनही भ्यायला होता, हे त्याला कळू द्या.

किती दिवस लागतील, असं घरचे विचारतात. गीतेतच बघा. अकराव्या अध्यायात अर्जुन भानावर आला, पण लगेच धनुष्य घेऊन उठला नाही. त्यानंतर आणखी सात अध्याय झाले. भगवंतांनी रथ पुढे दामटला नाही आणि माघारीही वळवला नाही. जिथे अर्जुन बसला तिथेच सारथी थांबला आणि बोलत राहिला. शेवटी, अठराव्या अध्यायात, नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, म्हणाला. निर्णय अर्जुनाचाच ठेवला.

अगदी शेवटच्या श्लोकांत संजयही सांगतो की भगवंतांचं ते अद्भुत रूप त्याला पुन्हा पुन्हा आठवतं. मला हे वाचताना नेहमी वाटतं, आठवण पुसली गेलीच पाहिजे असं गीतेनं कुठे म्हटलेलं नाही. आठवण राहते. वहिनींनाही जाऊ रोज आठवते. पण आता ती घाटातली आठवत नाही, असं त्या म्हणतात. गौरीच्या सणाला दोघी मिळून घावन घालायच्या, तेव्हा पहिला घावन हिचा हमखास मोडायचा आणि दोघी हसत सुटायच्या, ती आठवते. अपघातानं फक्त माणूस नेलं नव्हतं, त्या माणसाच्या बाकीच्या सगळ्या आठवणीही झाकून टाकल्या होत्या. उपचारांनी त्या परत दिल्या.

आजचा नेम छोटा आहे. आपल्या ओळखीत अपघातातून वाचलेलं कुणी असेल, तर आज त्याला फोन करा. "नशीबवान आहेस" म्हणू नका. "आता झोप लागते का रे?" एवढं विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका.

हे पांडुरंगा, आज घाटात, पुलावर, महामार्गावर असलेल्या प्रत्येकाला सुखरूप घरी आण. जे घरी आले, पण अजून पोचले नाहीत, त्यांच्याजवळ सौम्य होऊन बस. आणि त्यांच्या भोवती असलेल्या आम्हा सगळ्यांना जरा कमी बोलायची आणि जास्त ऐकायची बुद्धी दे.

उद्या बावन्नाव्या श्लोकापासून पुढे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥